कुठल्या कॉलेजचे?

वकीलबाईंच्या टेबलावर त्रेसष्ट अर्ज पडले होते आणि वकीलबाईंचं डोकं उठलं होतं.

हवा होता एक ज्युनियर. एकच. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, की अर्ज टपालाने पाठवावा, फोन करू नये. साहजिकच सकाळपासून एकोणीस फोन आले होते. कुणाचा भाच्यासाठी, कुणाचा शेजाऱ्याच्या सुनेसाठी. एका गृहस्थांना तर आपण नक्की कुणाची शिफारस करतोय हेच आठवेना. "घरी विचारून परत करतो" म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि खरोखरच परत केला.

"काका, तो फोन काढून ठेवा बाजूला," बाई म्हणाल्या.

काका म्हणजे ऑफिसचे कारकून. सव्वीस वर्षं बाईंकडेच होते. कुणी काहीही बोललं, की "त्याला एक पुरवणी" असं म्हणून आपलं एखादं वाक्य जोडायची त्यांना खोड होती. त्यामुळे कोर्टात शिपायापासून न्यायाधीशांच्या स्टेनोपर्यंत सगळे त्यांना पुरवणीकाकाच म्हणत.

"ठेवतो," काका म्हणाले. "त्याला एक पुरवणी. फोन बंद ठेवला की लोक जिना चढून येतात."

बाईंनी चष्मा लावला आणि गठ्ठा पुढे ओढला. प्रत्येक अर्जातली एकच ओळ बघायची, शिक्षण कुठे झालं ती. देशभर नाव असलेलं ते एक मोठं कॉलेज असेल तर अर्ज उजवीकडे, नसेल तर डावीकडे. पत्ते पिसावेत तसे कागद सरसर फिरले. चार मिनिटांत काम झालं. उजवीकडे पाच, डावीकडे अठ्ठावन्न.

"बाई, वाचले कधी?" काकांनी विचारलं.

"वाचायचंय काय त्यात? सगळ्यांनी 'मेहनती आणि प्रामाणिक' असंच लिहिलंय. आळशी आणि लबाड असं कुणी लिहितं का?"

"तरी डावीकडच्यांत एखादा..."

"काका, लाखभर मुलांतून ते कॉलेज शंभर निवडतं. चाळणी त्यांनी आधीच लावलीय. मी कशाला पुन्हा चाळत बसू? हे अठ्ठावन्न टाकून द्या."

काकांनी गठ्ठा उचलला. पुरवणी जोडली नाही, यावरूनच बाईंनी काय ते ओळखायला हवं होतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वकीलबाई स्वतः त्या मोठ्या कॉलेजच्या नव्हत्या. त्या शिकल्या होत्या संध्याकाळच्या कॉलेजात. दिवसा टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी आणि सहानंतर एका प्राथमिक शाळेच्या वर्गात कायद्याचे तास. बाकं पहिलीच्या मुलांची, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागायचे आणि समोर भिंतीवर बाराखडीचा तक्ता. सनद मिळाल्यावर त्या अकरा वकिलांच्या दारात गेल्या. अकराही ठिकाणी पहिला प्रश्न तोच, "कुठल्या कॉलेजच्या?" आणि उत्तर ऐकल्यावर दुसरा प्रश्न कुठेच नाही. बाराव्या वकिलाने विचारलं, "उद्यापासून याल का?" त्यांच्याकडे बाई घडल्या. पुढे नाव झालं, मोठमोठे खटले मिळाले. मग कुठल्याशा समारंभात कुणीतरी त्यांची ओळख करून देताना त्या मोठ्या कॉलेजच्या विद्यार्थिनी म्हणून सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत. लोकांनी तेच धरलं. वीस वर्षं झाली, बाई अजून काही बोलल्या नव्हत्या. हे ठाऊक होतं एका काकांना, आणि काकांनी या गोष्टीला कधी पुरवणी लावली नव्हती.

उजवीकडच्या पाचांतून एक मुलगा निवडला गेला. चोवीस वर्षांचा, उंच, परीक्षेत सुवर्णपदक मिळवलेला. काका त्याच्या माघारी त्याला सुवर्णपदक म्हणत, आणि महिनाभरात तोंडावरही म्हणू लागले.

बाई त्याला घेऊन सगळीकडे हिंडल्या. वकिलांच्या बाररूममध्ये, अशिलांपुढे, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसांपुढेसुद्धा. "हा आमचा नवा ज्युनियर. त्या कॉलेजचा. पदक आहे त्याला." मुलगा ओशाळून हसायचा. लोक "वा!" म्हणायचे. काम मात्र पुढे सरकत नव्हतं.

एका साध्या भाडेकराराच्या नोटिशीला त्याने एकवीस पानांचं उत्तर लिहिलं, वर सहा तळटीपा. बाईंनी ते दीड पानावर आणलं तेव्हा त्यांचा चहा थंड झाला होता आणि लाल पेन संपलं होतं. एकदा तो हातात एक पाकीट घेऊन आत आला. समोरच्या पार्टीला रजिस्टरने पाठवलेली नोटीस न घेताच परत आली होती.

"मॅडम, हे परत आलंय. आता याचा उपयोग नाही ना? टाकून देऊ?"

नोटीस पाठवली होती याचा तोच तर पुरावा! बाईंनी कपाळाला हात लावला. समोर दोन अशील बसले होते. बाई म्हणाल्या, "अरे, एवढ्या मोठ्या कॉलेजात हेसुद्धा शिकवलं नाही?"

अशील हसले. मुलगाही हसला. त्यानंतर त्याने कुणाला काहीही विचारलं नाही. बाईंना वाटलं, चला, रुळला एकदाचा!

याच सुमारास एक परिचारिका ऑफिसात आल्या. खासगी रुग्णालयात बावीस वर्षं नोकरी. एका रुग्णाला दुपारचं इंजेक्शन दिलं नाही, कामावरून गायब होत्या, असा ठपका ठेवून त्यांना एका दिवसात घरी बसवलं होतं. बोलणं हळू, उत्तर मोजकं. रुग्णालयात सगळे सिस्टर म्हणायचे, इथेही सगळे सिस्टरच म्हणू लागले. कामगार न्यायालयात तक्रार द्यायला नव्वद दिवसांची मुदत होती. त्यातले साठ त्यांनी रुग्णालयाच्या दारात हेलपाटे घालण्यात काढले होते.

"काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "तुमचं काम हा बघेल. त्या कॉलेजचा आहे."

सिस्टर तीनदा आल्या. तिन्ही वेळा मुलाने त्यांना नैसर्गिक न्यायाचं तत्त्व समजावून सांगितलं. तिन्ही वेळा त्या मांडीवरची पिशवी धरून मान हलवत राहिल्या. तक्रार तयार झाली, चव्वेचाळीस पानांची. चार देशांतल्या न्यायालयांचे निकाल तिच्यात होते. मुलगा रोज तिला आणखी घासूनपुसून लखलखीत करत होता, आणि तसं करता करता नव्वदावा दिवस उजाडला.

त्या दिवशी काका डोळे तपासायला गेले होते. बाईंचा दुसऱ्या न्यायालयात उलटतपास होता. "आज दाखल करून ये," एवढं सांगून त्या निघाल्या. त्या सुटल्या तेव्हा सव्वातीन वाजले होते. फोन चालू केला तर मुलाचा एकच निरोप: "मॅडम, खिडकीवरून परत केलं."

बाई तशाच रिक्षात बसल्या. वाटेत तीन सिग्नल लागले आणि प्रत्येक सिग्नलला त्यांनी मुलाला मनातल्या मनात एकेक विशेषण दिलं.

कामगार न्यायालयाच्या तळमजल्यावर दाखल करायची खिडकी होती. चारला बंद व्हायची म्हणजे चारला. तिथला कारकून चारला पाच कमी असतानाच घड्याळाकडे बघून हात पुसू लागायचा. समोर लाकडी बाक. बाकाच्या एका टोकाला सिस्टर, मधे सुवर्णपदक, चेहरा पांढराफटक. आणि त्याच्यापुढे जमिनीवर मांडी घालून कुणी एक मुलगी बसली होती, काळा कोट काढून मांडीवर घेतलेला, केसांत पेन्सिल खोचलेली. चव्वेचाळीस पानं तिने फरशीवर पसरली होती.

"हे काय चाललंय?" बाई कडाडल्या.

"मावशी, जरा सरकता का बाजूला?" मुलगी मान वर न करता म्हणाली. "पंख्याने कागद उडतायत, तुमचा पाय पडेल."

गेल्या वीस वर्षांत न्यायालयात बाईंना कुणी सरका म्हटलं नव्हतं. त्या सरकल्या.

खिडकीने पाच हरकती काढल्या होत्या. पानांवर आकडे नव्हते. समोरच्या पार्टीसाठी वेगळी प्रत नव्हती. वकीलपत्रावर सिस्टरांची सही एकाच जागी होती, हवी होती दोन जागी. अनुक्रमणिका नव्हती. आणि सोबतच्या कागदांवर खरी प्रत म्हणून कुणी लिहिलेलं नव्हतं. एकही हरकत कायद्याच्या पुस्तकात सापडणारी नव्हती.

मुलीने पेन्सिलने पानांवर भराभर आकडे टाकले. "प्रत काढून आण, समोरच्या दुकानात. मागच्या दाराने जा, पुढच्या दाराला रांग असते," तिने सुवर्णपदकाला सांगितलं, आणि तो निमूटपणे पळाला. मग सिस्टरांकडे वळून तिने सही घेतली. घेता घेता तक्रारीचं चौथं पान वाचलं आणि थांबली.

"सिस्टर, यात लिहिलंय, तुम्ही त्या दुपारी वॉर्डात नव्हता. मग होता कुठे?"

"वरच्या मजल्यावर. प्रसूतीच्या वॉर्डात. तिथे माणूस कमी होतं, म्हणून मेट्रनने पाठवलं होतं."

"तोंडी?"

"नाही. ड्युटीच्या तक्त्यावर लिहून. सही आहे तिची."

"तो तक्ता कुठंय?"

सिस्टरांनी मांडीवरची पिशवी उघडली. घडी घातलेला, चारी बाजूंनी मऊ झालेला एक कागद बाहेर काढला. "ही झेरॉक्स. त्याच आठवड्यात काढून ठेवली होती."

वकीलबाईंनी तो कागद हातात घेतला. अख्खी केस त्या कागदावर उभी होती! "अहो सिस्टर, हे तुम्ही आधी का नाही दिलंत?"

"कुणी मागितलाच नाही," सिस्टर म्हणाल्या. "तीनदा आणला होता. साहेब इतकं मोठं मोठं बोलत होते. मला वाटलं, त्यांना याची गरज नसेल."

प्रती आल्या. तक्ता जोडला गेला. अनुक्रमणिका हाताने लिहिली, सोबतच्या कागदांवर 'खरी प्रत' असं लिहून झालं. चारला सहा मिनिटं असताना खिडकीतून ठप्प असा शिक्का पडला. सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. सुवर्णपदक भिंतीला टेकून उभा राहिला. मुलगी उठली, कोट झटकला, आणि स्वतःची दुसरीच एक फाइल काखेत मारून निघाली. ती दिवसभर तिथे चार-पाच वकिलांची कामं दाखल करून द्यायची. ही केस तिची नव्हतीच.

बाई तिच्यामागे गेल्या. त्यांना आभार मानायचे होते. चांगलं काहीतरी बोलायचं होतं. पण वीस वर्षांची सवय जिभेवर आधी आली.

"कुठल्या कॉलेजची गं तू?"

मुलगी वळली. आत्तापर्यंत मोकळा असलेला तिचा चेहरा क्षणात मिटला.

"तुमच्याकडे अर्ज केला होता, मॅडम," ती म्हणाली. "त्यात लिहिलं होतं."

आणि ती जिना चढून गेली.

ऑफिसात परतल्यावर बाईंनी दार लावून घेतलं. सगळा राग मुलावर निघाला. "पानांवर आकडे टाकायचे कळत नाहीत? सही कुठे घ्यायची कळत नाही? अशिलाला 'तुम्ही होता कुठे' एवढं विचारायचं सुचत नाही? अरे, मग विचारायचं ना कुणाला तरी!"

मुलगा उभाच होता. पहिल्यांदाच त्याने बाईंच्या डोळ्यांत बघितलं.

"एकदा विचारलं होतं, मॅडम. पाकिटाबद्दल."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तीन महिन्यांत तुम्ही माझी ओळख खूप जणांशी करून दिलीत," तो म्हणाला. "पण शिकवलं काहीच नाही. कुणालाच वाटलं नाही की मला काही येत नसेल. माझ्या कॉलेजात मी खूप शिकलो, खोटं कशाला सांगू. निकाल कसा वाचायचा, मुद्दा कसा मांडायचा, सगळं उत्तम शिकवलं. खिडकी कुठे असते ते नाही शिकवलं. आणि इथे आल्यावर विचारायची लाज वाटायला लागली. त्या मुलीला कुणी हसत नाही, मॅडम. तिने विचारलं तर लोक सांगतात. मी विचारलं की आधी माझ्या कॉलेजचं नाव निघतं."

तेवढ्यात दार उघडून पुरवणीकाका आत आले. डोळ्यांवर काळा चष्मा, हात पुढे करून चाचपडत. "डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणारं औषध घातलंय. रात्रीपर्यंत वाचता येणार नाही. काय झालं? इतकं सामसूम कसं?"

"काका," बाई म्हणाल्या, "ते अठ्ठावन्न अर्ज तुम्ही टाकून दिलेत?"

"तुम्ही सांगितलं होतं, टाकून द्या."

"दिलेत?"

"कपाटावर आहेत."

मुलाने गठ्ठा खाली काढला. त्या मुलीचा अर्ज शोधायचा होता, पण तिचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. एकेक अर्ज वाचण्यावाचून इलाज नव्हता. काका म्हणाले, "मला दिसत नाही. मोठ्याने वाचा."

आणि वकीलबाई वाचू लागल्या. ज्या कामाला चार मिनिटं लागली होती त्याला आता तास लागला. एक जण अंध होता आणि त्याने कायद्याची सगळी पुस्तकं बहिणीकडून वाचून घेऊन परीक्षा दिली होती. एका बाई दोन मुलं मोठी झाल्यावर वकील झाल्या होत्या. एकाने ग्राहकांच्या तक्रारी फुकट लिहून देण्याचं केंद्र चालवलं होतं. बाई वाचत होत्या आणि त्यांचा आवाज खाली खाली जात होता.

सदतिसाव्या अर्जावर त्या थांबल्या. "गेली तीन वर्षं कामगार न्यायालयात दाखल करण्याचे काम करते. आजवर तीनशे चाळीस प्रकरणे दाखल केली. हरकत निघून परत आलेली दोन. दोन्ही वेळी चूक माझी होती."

"हीच," मुलगा म्हणाला.

"शिक्षण कुठे?" काकांनी विचारलं.

बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "संध्याकाळच्या कॉलेजात. माझ्या कॉलेजात."

"तुमच्या?" मुलगा गोंधळला. "पण मॅडम, सगळे म्हणतात तुम्ही..."

"सगळे म्हणतात. मी म्हणू दिलं. या गठ्ठ्यात माझ्या त्या संध्याकाळच्या कॉलेजचे चार अर्ज होते. ते मी सगळ्यांत पटकन डावीकडे टाकले. जास्त वेळ हातात धरले तर कुणी ओळखेल, अशा घाईने!" त्यांनी चष्मा काढला. "अकरा दारांतून मला परत पाठवलं होतं रे. किती चिडले होते मी! रडले होते. आणि बाराव्या दारातून आत येऊन मी काय केलं, तर मागे वळून कडी लावली."

काकांनी काळा चष्मा सावरला. "बाई, आज एक पुरवणी जोडू?"

"जोडा."

"तुम्हाला तेव्हा त्या प्रश्नाचाच राग होता, की तो तुम्हाला विचारला याचा? प्रश्नाचा राग असता तर तुम्ही तो दुसऱ्या कुणाला विचारला नसता. मी सव्वीस वर्षं या कोर्टात बसतोय. मोठ्या कॉलेजचे नामांकित वकील पाहिले, मोठ्या कॉलेजचे रिकामे बसलेलेही पाहिले. लहान कॉलेजचेही दोन्ही पाहिले. पहिल्या दोन वर्षांत मोठ्या कॉलेजवाला पुढे असतो, खोटं नाही ते. त्याला दारं उघडी मिळतात. पण उघडतं कोण? तुम्हीच ना! तुम्ही म्हणता, नावाला किंमत आहे म्हणून मी नाव बघते. अहो, तुम्ही बघता म्हणून त्याला किंमत आहे."

"आणि दोन वर्षांनंतर?" मुलाने विचारलं.

"नंतर अशील विचारतो, माझे कागद वाचलेत का. न्यायाधीश विचारतात, पान कितवं. तिथे कॉलेज उभं राहत नाही. तू उभा राहतोस." काका त्याच्या दिशेने अंदाजाने वळले. "आणि तुझ्यावर तर दुप्पट अन्याय झाला, पोरा. ज्यांना दार बंद मिळालं ते बाहेर राहून काहीतरी शिकले तरी. तुला आत घेऊन कपाटातल्या बक्षिसाच्या ढालीसारखं मांडून ठेवलं."

बाईंनी फोन ओढून घेतला. अर्जावरचा नंबर लावला आणि सांगितलं, की भेटायला ये, काम द्यायचंय.

"मॅडम," मुलगी म्हणाली, "कॉलेज अजून तेच आहे माझं."

"माझंही," बाई म्हणाल्या. "भिंतीवर बाराखडी आहे का गं अजून?"

सोमवारी मुलगी आली. तिने एक अट घातली, आणि बाईंनी ती निमूट ऐकून घेतली. आठवड्यातले दोन दिवस सुवर्णपदकाने तिच्याबरोबर खिडकीवर यायचं आणि दोन संध्याकाळी तिने त्याच्याकडून निकाल वाचायला शिकायचं. दोघांची भांडणं इतकी व्हायची, की बाईंना आतून ओरडावं लागायचं. ती म्हणायची, तुझं वाक्य संपेपर्यंत खिडकी बंद होते. तो म्हणायचा, तू कलम वाचतेस पण त्याच्याखालचं स्पष्टीकरण वाचत नाहीस. दोघांचंही खरं होतं, हाच तर ताप होता!

सात महिन्यांनी सिस्टरांची केस उभी राहिली. रुग्णालयाच्या वकिलांनी तक्ता बघताच हरकत घेतली, की ही झेरॉक्स आहे, पुरावा म्हणून चालणार नाही. सुवर्णपदक उठला. मूळ कागद समोरच्या पार्टीच्याच ताब्यात असेल आणि मागूनही तो देत नसेल तर काय करायचं, हे त्याने सहा मिनिटांत मांडलं. निकाल दोनच दिले, पण पान आणि ओळ सांगून. मूळ तक्ता मागणारी नोटीस मुलीने पाच महिन्यांपूर्वीच पाठवून ठेवली होती. रजिस्टरचं परत आलेलं पाकीट त्याने स्वतः सांभाळून फाइलला लावलं होतं. मेट्रनला साक्षीला बोलावलं गेलं आणि तिने सही आपलीच असल्याचं कबूल केलं.

सिस्टर पुन्हा कामावर रुजू झाल्या. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ऑफिसात फोन केला, आणि गणवेश थोडा घट्ट होतोय एवढंच सांगून ठेवला.

त्याच आठवड्यात बाई वकिलांच्या संघटनेत गेल्या आणि परिचयपुस्तिकेतली आपल्या नावापुढची कॉलेजची ओळ बदलायला सांगितली. तिथला कारकून चाचरत म्हणाला, "छापताना चूक झाली असेल, मॅडम."

"छापताना नाही झाली," बाई म्हणाल्या. "दर वर्षी छापून आलं की मी वाचत होते आणि गप्प बसत होते."

बाररूममध्ये दोन दिवस कुजबुज झाली. तिसऱ्या दिवशी लोकांना दुसरा विषय मिळाला. वीस वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते अठ्ठेचाळीस तासांत संपलं, याचाच बाईंना सगळ्यांत जास्त वैताग आला.

पुढच्या वर्षी ऑफिसला आणखी एक ज्युनियर हवा होता. या वेळच्या जाहिरातीत शिक्षण कुठे झालं ते लिहू नये, असं स्पष्ट म्हटलं होतं. येणाऱ्याला एक जुनी फाइल वाचायला द्यायची आणि विचारायचं, यात कुठला कागद नाही? अर्ज एकशे बारा आले. फोन मोजायचं काकांनी सोडून दिलं. एका उमेदवाराच्या आईने तर बाईंना सुनावलं, "तुम्ही कॉलेजच विचारत नाही म्हणजे तुमचं ऑफिस यथातथाच दिसतंय. आमच्या मुलाला नाही पाठवणार आम्ही!"

बाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ डोकं धरून बसल्या. मग पुढचा अर्ज उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या.

वाचकहो, त्या आईला हसू नका. तिच्या जागी आपण सगळेच कधी ना कधी असतो. मुलाला कॉलेजात घालताना, जावई बघताना, वकील गाठताना, डॉक्टरच्या दारात, आपला पहिला प्रश्न तोच असतो. चांगल्या कॉलेजात चांगलं शिकायला मिळतं, ज्याला मिळालं त्याने ते आनंदाने घ्यावं. पण शिक्षण माणसाची तयारी करून घेतं, त्याला वकील बनवतं ते अशिलाचं काम. ते काम कुणी किती मन लावून केलं, हे कुठल्याही कॉलेजच्या नावात लिहिलेलं नसतं. आणि नावामुळे एखाद्याला दार बंद होत असेल, तर ते बंद करणारा हात आपलाच असतो. तेव्हा पुढच्या वेळी वकिलाच्या समोर बसाल तेव्हा भिंतीवरची चौकटीतली पदवी वाचू नका. सरळ विचारा, "माझे कागद वाचलेत का?" आणि जो म्हणेल, "वाचले, पण एक गोष्ट मला कळली नाही, ती तुम्ही सांगा," त्याच्याकडे आपलं काम बिनधास्त सोपवा.